उद्यमबागेतल्या मशीनसाठी रेझिस्टिव्ह टचस्क्रीन निवडताना : माझा अनुभव

बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे भागातल्या फाउंड्री आणि मशीन शॉपसाठी कंट्रोल पॅनेल करायला घेतलं की पहिला आग्रह मोबाईलसारख्या कपॅसिटिव्ह स्क्रीनचा असतो. इथे तो मी टाळतो. कामगाराच्या हातात जाड हातमोजे असतात, स्क्रीनवर कूलंटचे शिंतोडे आणि बिडाची पूड असते. साधा कपॅसिटिव्ह टच पाण्याच्या थेंबालाच बोट समजतो. रेझिस्टिव्हला मात्र दाब लागतो. तो बोटाचा, हातमोज्याचा की पेनाच्या टोपणाचा, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

मग प्रश्न ४-वायर की ५-वायर, म्हणजे चार तारांचं रेझिस्टिव्ह पॅनेल की पाच तारांचं. वरची प्लास्टिकची फिल्म आणि खालची काच, दोन्हींवर आयटीओचा (इंडियम टिन ऑक्साइडचा) पारदर्शक वाहक थर असतो. ४-वायरमध्ये एका अक्षाचं मोजमाप काचेवर होतं, तर दुसऱ्याचं वाकणाऱ्या फिल्मवर. मशीनवरचं ‘सुरू’ बटण दिवसभर एकाच जागी दाबलं जातं. तिथे फिल्मवरच्या थराला तडे गेले की तो अक्ष वाकडा येऊ लागतो आणि कॅलिब्रेशन (स्पर्शाची जागा स्क्रीनवरच्या जागेशी जुळवणं) पुन्हा पुन्हा करूनही सुधारत नाही. ५-वायरमध्ये व्होल्टेज काचेच्या चार कोपऱ्यांनाच दिलं जातं, फिल्म फक्त वाचायचं काम करते. त्यामुळे फिल्मवर तडे पडले तरी अचूकता बराच काळ टिकते. माहितीपत्रकांत ४-वायरला साधारण १० लाख, तर चांगल्या ५-वायरला ३.५ कोटी स्पर्श असे आकडे दिसतात. उत्पादनाच्या मशीनला मी ५-वायरच लावतो. दिवसातून चार वेळा हात लागणाऱ्या टेस्टिंग बेंचला ४-वायर पुरते.

पॅनेल हातात आलं की आधी मल्टिमीटर लावावा. ४-वायरमध्ये तारांच्या दोन जोड्या सापडतात, प्रत्येकीत काहीशे ओहम. एका जोडीतून दुसरीत स्पर्शाशिवाय काहीच दिसता कामा नये. दिसलं, तर थर कुठेतरी टेकलेत. ५-वायरमध्ये चार तारा आपसांत जोडलेल्या आणि पाचवी मोकळी.

पॅनेलवरचा स्पर्श आकड्यांत बदलणारी कंट्रोलर चिप निवडताना मी आधी तिचं सॉफ्टवेअर बघतो. स्वस्त बोर्डांवरची एक्सपीटी२०४६ ही एडीएस७८४६ या चिपच्या धर्तीची, फक्त ४-वायरची १२-बिट चिप आहे. लिनक्स कर्नलमध्ये तिचा ड्रायव्हर (चिपशी बोलणारं सॉफ्टवेअर) तयार असतो. ५-वायर पॅनेल तिला जोडून चालत नाही, त्यासाठी एडीएस७८४५ किंवा मायक्रोचिपची एआर११०० लागते. एआर११०० यूएसबीवर माऊस म्हणून ओळख देते आणि कॅलिब्रेशन स्वतःच्याच मेमरीत ठेवते, म्हणून विंडोजच्या पॅनेल पीसीला ती सोयीची.

सगळ्यात जास्त वेळ नॉइजमध्ये, म्हणजे विजेच्या गोंगाटाने डळमळणाऱ्या आकड्यांत, जातो. शेजारी व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर) मोटर फिरत असते, स्क्रीनचा बॅकलाइटही गोंधळ घालतो. उपाय म्हणून टचच्या तारांवर कपॅसिटर लावतात, पण तो भरायला वेळ लागतो हे ड्रायव्हरला सांगायचं राहून जातं. ढोबळ हिशेब करू : ५०० ओहमची प्लेट (म्हणजे तो वाहक थर) आणि ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर धरले तर टाइम कॉन्स्टंट, म्हणजे रोध गुणिले कपॅसिटर, ५ मायक्रोसेकंद. १२ बिटपर्यंत (चिपच्या पूर्ण अचूकतेपर्यंत) स्थिर व्हायला त्याच्या सुमारे नऊपट, म्हणजे ४५ मायक्रोसेकंद. कपॅसिटर ०.१ चा केला की तेच ४५० होतात. ड्रायव्हरमधला सेटल-डिले (वाचण्याआधी थांबायचा वेळ) तेवढा वाढवला नाही, तर आकडे शांत दिसतात पण चुकीचे असतात. हे नॉइजपेक्षा वाईट, कारण पटकन लक्षात येत नाही. मोजमाप डिफरन्शियल मोडमध्येच (पॅनेलला प्रत्यक्ष मिळणाऱ्या व्होल्टेजच्या तुलनेत) ठेवावं, म्हणजे चिपच्या आतल्या स्विचच्या रोधाची चूक वजा होते.

यापुढची आकड्यांची गाळणी टीएसलिबमध्ये, म्हणजे लिनक्सवरच्या टचस्क्रीनसाठीच्या सॉफ्टवेअर लायब्ररीत. माझा क्रम : आधी दाबाची मर्यादा, मग स्किप (सुरुवातीचे-शेवटचे आकडे टाकणं), मग मीडियन (काही आकड्यांतला मधला घेणं), मग डीजिटर (थरथर कमी करणं) आणि शेवटी लिनिअर (कॅलिब्रेशन लावणं). स्किपला विशेष महत्त्व आहे. बोट टेकताना आणि उचलताना दाब अपुरा असतो, त्या क्षणीचे आकडे भरकटतात. बोट उचलताना शेजारचंच बटण लागलं, अशी तक्रार बहुधा इथूनच येते. पहिलं आणि शेवटचं एकेक रीडिंग टाकून दिलं की ती थांबते. मीडियनची खोली, म्हणजे एका वेळी बघायचे आकडे, ५ पुरे. त्याहून वाढवली तर स्क्रीन सुस्त वाटते.

कॅलिब्रेशन एकाच ठिकाणी ठेवावं. चिपमध्येही आणि टीएसलिबमध्येही केलं, तर एकावर दुसरं चढतं आणि नंतर दुरुस्ती करणाऱ्याला मूळ बिघाड सापडत नाही. कॅलिब्रेशन चौकट आवळून झाल्यावर आणि पॅनेल अर्धा तास चालून गरम झाल्यावर करावं. चौकटीची कड फिल्मवर टेकली तर कोणी हात न लावताही स्पर्श नोंदला जातो. म्हणून कडेला मऊ फोमचं गॅस्केट घालावं आणि स्क्रू बेताने आवळावेत.

आपल्याकडे बटणांवर कन्नड आणि मराठी दोन्ही लिहावं लागतं, त्यामुळे बटणं आपोआप मोठी होतात. हातमोज्यांसाठी १५ ते २० मिमी उंची हवीच, तेव्हा ते पथ्यावरच पडतं.

आणखी एक सोय मी प्रत्येक पॅनेलमध्ये देतो. मशीन सुरू होताना स्क्रीन १० सेकंद दाबून धरली की कॅलिब्रेशन आपोआप उघडतं. त्याला जागा अचूक कळावी लागत नाही, फक्त दाब आहे की नाही एवढं पुरतं. त्यामुळे रात्रपाळीत पॅनेल बदललं तरी कीबोर्डशिवाय पाच खुणा दाबून काम पुढे चालू होतं.