ट्यूफचा स्टिकर आणि आमची गोल्फ

पुण्याहून कुणाचाही फोन आला की ख्यालीखुशाली झाल्या झाल्या पुढचा प्रश्न ठरलेला, "मग गाडी कुठली घेतली तिकडे?" आणि मी फोक्सवॅगन गोल्फ म्हटलं की लगेच "अरे वा, जर्मन गाडी!" असा सूर. इकडे यायच्या तयारीत असलेले तर पुढे विचारतात, "मग आम्ही पण गोल्फच घ्यावी का?" आता इथे राहून त्याचं काय कौतुक सांगणार, जर्मनीत ब्राउनश्वाइगमध्ये आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या गाड्या बघितल्या तर निम्म्याहून जास्त फोक्सवॅगनच असतील. गोल्फ म्हणजे आपल्याकडच्या वॅगनआरसारखी गाडी, शाळेतल्या बाईंकडे असते, प्लंबरकडे असते, रिटायर्ड माणसाकडे तर असतेच असते. त्यावरून कुणी तुम्हाला श्रीमंत समजत नाही आणि गरीबही समजत नाही.

आमची सातव्या पिढीतली, पेट्रोल, मागे लांब डिक्कीवाली, म्हणजे इथे जिला व्हेरिएंट म्हणतात ती. सेकंडहँड घेतली. या भागात सेकंडहँड घेण्यातली मजा अशी की फोक्सवॅगनचा वोल्फ्सबुर्गचा मुख्य कारखाना इथून जेमतेम तीस किलोमीटर आणि ब्राउनश्वाइगमध्येही त्यांचा १९३८ पासूनचा कारखाना आहे, त्यामुळे कंपनीतले लोक सवलतीत नवी गाडी घेतात, वर्षभर वापरतात आणि विकून पुढची घेतात. अशा वर्षभर वापरलेल्या गाड्यांचा इथे वेगळा बाजारच आहे. गाडी एका हातची, सर्व्हिस बुकात सगळे शिक्के जागच्या जागी, आणि विकणारा माणूस स्वतः तीच गाडी बनवणाऱ्यांपैकी असल्यामुळे कुठल्या आवाजाची काळजी करायची आणि कुठल्या आवाजाची नाही हे पण सांगतो. गंमत म्हणजे एवढं वोल्फ्सबुर्गच्या उशाशी राहून आमची गाडी तिथली नाहीच, व्हेरिएंट बनायची त्स्विकाऊला, म्हणजे पूर्व जर्मनीत जिथे १९९१ पर्यंत ट्राबांट ही तिकडची गाडी बनायची त्या गावात. आता तिथे फक्त इलेक्ट्रिक गाड्या बनतात, पेट्रोलवाली शेवटची गाडी २०२० च्या जूनमध्ये बाहेर पडली आणि ती पण गोल्फ व्हेरिएंटच होती.

बरं, इथे गाडी घेणं सोपं आहे, ती रस्त्यावर ठेवणं हे खरं काम. आपल्याकडे पासिंग म्हटलं की एमएच १२ वगैरे नंबर आणि एकदा आरटीओचं काम झालं की खासगी गाडीला पंधरा वर्षं कुणी विचारत नाही. इथे नवीन गाडीची पहिली तपासणी तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी, न चुकता. तपासणी करणाऱ्या संस्था अनेक आहेत पण लोक तपासणीला सरसकट त्यातल्याच एका नावाने ट्यूफ म्हणतात. पास झालात की मागच्या नंबरप्लेटवर एक गोल रंगीत स्टिकर चिकटवतात, मधोमध वर्ष आणि कडेने घड्याळासारखे बारा महिन्यांचे आकडे, जो आकडा सगळ्यात वर त्या महिन्यात पुढची तपासणी. रंग दरवर्षी बदलतो, त्यामुळे पोलिसाला लांबूनच कळतं कुणाची मुदत संपलीय. ट्रॅफिकमध्ये पुढच्या गाडीचा स्टिकर वाचायची सवय मला पण लागलीय, काही इलाज नाही.

ही तपासणी एकदा बघण्यासारखी असते. आम्ही जिथे जातो तिथले परीक्षक फार बोलत नाहीत, आधी दिवे, हॉर्न, वायपर, मग पुढची चाकं रोलरवर घेऊन ब्रेक दाबतात आणि भिंतीवरच्या दोन काट्यांवर बघतात की डावं आणि उजवं चाक सारखं थांबतंय का. मग गाडी वर जाते आणि ते हातात टॉर्च आणि एक छोटी लोखंडी पहार घेऊन खाली उभे राहतात. पहारीने चाकाचे जॉइंट हलवून बघतात, ब्रेकच्या पाइपवरून बोट फिरवतात, खालच्या पत्र्यावर जिथे गंज दिसेल तिथे टकटक. इथे थंडीत रस्त्यांवर मीठ टाकतात ना, ते सगळं खाली जाऊन बसतं, वरून चकचकीत गाडी आणि खालून भुगा असं सहज होऊ शकतं. टायरची नक्षी कायद्याने किमान १.६ मिलिमीटर हवी. डिक्कीत त्रिकोण, पिवळं जॅकेट आणि फर्स्ट एडचा डबा हवा, डब्यातल्या पट्ट्यांची मुदत संपली असेल तर ते पण लिहून येतं. शेवटी धुराड्यात नळी घालून धूर मोजतात. सगळं नीट असलं की जुना स्टिकर ब्लेडने खरवडून नवा लावतात, साधारण दीडशे युरो घेतात आणि पुढच्याला हाक मारतात. नापास झालात तर महिन्याभरात दुरुस्त करून परत या. ओळख काढणं, चहापाणी, "जरा बघा ना साहेब", यातलं काही चालायची सोयच नाही.

मला विचाराल तर जर्मन गाड्या टिकतात याचं निम्मं श्रेय इंजिनिअरला आणि निम्मं या पहारवाल्या माणसाला. दर दोन वर्षांनी कुणीतरी तिऱ्हाईत खाली शिरून बघणार आहे म्हटल्यावर माणूस सर्व्हिसिंग टाळत नाही. जुन्या गाडीच्या जाहिरातीतही मॉडेलच्या खालोखाल हेच लिहितात की ट्यूफ नवीन आहे, आणि ते नसेल तर किंमत धाडकन पडते.

आमच्या खालच्या मजल्यावर एक आजोबा राहतात, पूर्ण आयुष्य वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात काढलेलं. त्यांच्याकडे दुसऱ्या पिढीतली गोल्फ आहे, तीस वर्षांवरची आणि मूळ स्थितीत जपलेली, म्हणून नंबरच्या शेवटी एच हे अक्षर. अशा गाडीला ऐतिहासिक वाहन म्हणून वर्षाला सरसकट १९२ युरोच्या आसपास टॅक्स आणि प्रदूषणासाठी बंद असलेल्या शहरी भागातही प्रवेश. पण ट्यूफ तिलाही चुकत नाही! जिन्यात भेटले की विषय गाडीचाच, आणि जुन्या दिवसांबद्दल विचारलं तर आधी कँटीनमधल्या सॉसेजवर येतात. यात अतिशयोक्ती नाही, फोक्सवॅगन १९७३ पासून स्वतःचं सॉसेज बनवते आणि त्याला चक्क स्पेअर पार्टसारखा नंबर आहे, १९९ ३९८ ५०० ए. कित्येक वर्षी कंपनीने गाड्यांपेक्षा सॉसेज जास्त विकलेत. २०२१ मध्ये मुख्य ऑफिसच्या एका कँटीनमधून ते काढून शाकाहारी जेवण सुरू केलं तर माजी चॅन्सेलर श्रोडर यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. आम्ही शाकाहारी, त्यामुळे या राष्ट्रीय संकटात आमचा पक्ष काय हे आजोबांना सांगितलेलं नाही.

वोल्फ्सबुर्गला पाहुणे आले की आम्ही घेऊन जातोच. स्टेशनातून बाहेर पडलं की समोर कालवा आणि पलीकडे वीजघराची चार धुराडी. हायस्पीड ट्रेन तिथे थांबते, म्हणजे थांबायला हवी, २०११ मध्ये एकाहून जास्त वेळा ड्रायव्हर थांबायचंच विसरून पुढे गेले होते. पाहुण्यांना काचेचे दोन मनोरे आवडतात, प्रत्येकी ४८ मीटर उंच आणि प्रत्येकात ४०० नव्या गाड्या, तिथून यंत्राने उचलून गाडी थेट मालकाच्या ताब्यात येते. लोक सहकुटुंब येतात, फोटो काढतात. नारळ तेवढा फोडत नाहीत.

पण या गावाचा जन्म काही असा फोटो काढण्यासारखा नाही. १९३८ च्या आधी इथे शेतं, एक जुना वाडा आणि थोडी घरं होती. मे १९३८ मध्ये हिटलरच्या हातून सामान्य माणसाच्या स्वस्त गाडीसाठी, म्हणजे पुढे जिला बीटल म्हणायला लागले तिच्यासाठी, कारखान्याची कोनशिला बसली आणि जुलैमध्ये त्या गाडीच्याच तेव्हाच्या नावाने गाव वसवलं, वोल्फ्सबुर्ग हे नाव युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये आलं. गाडीचं डिझाइन फर्डिनांड पोर्शेचं, किंमत ९९० मार्क ठरवली, आणि सामान्य माणसाने आठवड्याला पाच मार्कचा स्टॅम्प घेऊन कार्डावर चिकटवायचा, कार्डं भरली की गाडी मिळणार. आपल्याकडच्या भिशी आणि चिटफंडवाल्यांना ओळखीचं वाटेल असं प्रकरण. जवळजवळ ३ लाख ३६ हजार लोकांनी पैसे भरले आणि त्यातल्या एकालाही गाडी मिळाली नाही, युद्ध सुरू झालं आणि कारखाना लष्करी गाड्या काढायला लागला. हे पैसे भरणारे युद्धानंतर कोर्टात गेले आणि १९६१ मध्ये कुठे तडजोड झाली, नवीन गाडी घेतलीत तर ६०० मार्कांपर्यंत सूट किंवा रोख १०० मार्क.

आणि युद्धात तिथे राबलं कोण तर पोलंड, सोव्हिएत युनियन, फ्रान्स, इटली अशा ठिकठिकाणहून जबरदस्तीने आणलेली माणसं, युद्धकैदी, छळछावणीतले कैदी, सगळे मिळून वीस हजारांच्या आसपास. कामगार बायकांची तान्ही मुलं काढून घेऊन जवळच्या र्यूएन गावात ठेवली होती, त्यातली शेकडो दगावली, तिथल्या कारखान्याच्या डॉक्टरला नंतर फाशी झाली. कारखान्यातल्याच एका जुन्या बंकरमध्ये १९९९ पासून या सगळ्याचं स्मृतिस्थळ आहे. काचेच्या मनोऱ्यांना येणारे बहुतेक लोक तिकडे फिरकत नाहीत. आमच्या पाहुण्यांनाही आधी नको वाटतं, "सुट्टीत कशाला हे", पण कालव्याच्या काठाने चालताना मी सांगतोच.

युद्धानंतर हा कारखाना मोडीतच जायचा, पण तो ब्रिटिशांच्या ताब्यात होता आणि आयव्हन हर्स्ट नावाच्या मेजरने एक गाडी रंगवून घेऊन वरिष्ठांना दाखवली, आणि ब्रिटिश लष्कराने वीस हजारांची ऑर्डर दिली. १९४८ मध्ये नॉर्डहॉफ कंपनीचे प्रमुख म्हणून आले, १९५५ मध्ये दहा लाखावी बीटल बाहेर पडली, १९६२ पासून इटलीहून कामगार आले म्हणून वोल्फ्सबुर्गमध्ये आजही पिझ्झा आणि आइस्क्रीम चांगलं मिळतं. शेवटची बीटल २००३ मध्ये मेक्सिकोत बनली, एकूण २ कोटी १५ लाखांच्या वर. पण कंपनी तगली ती १९७४ च्या गोल्फमुळे, इंजिन मागून पुढे, हवेवर थंड होणारं जाऊन पाण्यावर थंड होणारं, सगळंच उलटं. आजोबा म्हणतात तेव्हा कारखान्यात जुन्या लोकांना ही चौकोनी गाडी अजिबात आवडली नव्हती.

आता जे सांगायला मी एवढा वेळ घेतला ते. तपासणीवर एवढी श्रद्धा असलेल्या देशातल्या या सगळ्यात मोठ्या कंपनीने तपासणीलाच फसवलं. सप्टेंबर २०१५, अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने जाहीर केलं की यांच्या डिझेल गाड्यांतलं सॉफ्टवेअर स्टिअरिंग हलतंय का, वेग कसा बदलतोय वगैरे बघून ओळखतं की आपण टेस्टच्या रोलरवर आहोत, आणि तेवढ्यापुरता धूर स्वच्छ सोडतं. रस्त्यावर आलं की नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या चाळीस पटीपर्यंत. जगभरात १ कोटी १० लाख गाड्या. साहेब बघतायत म्हणून मान खाली घालून लिहिणारी मुलं आपण शाळेत पाहिलीत, गाडी असं करेल हे कुणाला वाटलं नव्हतं. पुण्यातही याचा धागा आहे, वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन तपासणी संस्थेने भारतातल्या गाड्या तपासल्या आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने ३ लाख २३ हजार ७०० गाड्या परत बोलवायचं जाहीर केलं, त्यात चाकणला बनलेल्या पोलो आणि व्हेंटो पण होत्या.

आमच्या ब्राउनश्वाइगला तर हे प्रकरण घरचंच, कारण वोल्फ्सबुर्ग इथल्या कोर्टाच्या हद्दीत येतं. २०१८ मध्ये इथल्याच सरकारी वकिलांच्या कार्यालयाने कंपनीला १०० कोटी युरोचा दंड लावला आणि मे २०२५ मध्ये इथल्याच कोर्टाने चार माजी अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं, त्यातल्या दोघांना तुरुंगवास. मधल्या काळात तपासणीही बदलली. आधी गाडीच्या कॉम्प्युटरने "सगळं ठीक" म्हटलं की चालायचं, २०१८ पासून धुराड्यात नळी घालणं पुन्हा सगळ्यांना सक्तीचं झालं. आजोबांना याचा राग आहे पण कंपनीवर कमी आणि "वरच्या लोकांवर" जास्त. गाडी मात्र ते दुसरी घेणार नाहीत.

हल्ली जिन्यातल्या गप्पा वेगळ्याच असतात. डिसेंबर २०२४ मध्ये कंपनी आणि युनियनमध्ये समझोता झाला, २०३० पर्यंत जर्मनीत ३५ हजारांहून जास्त नोकऱ्या कमी करायच्या, लोकांना काढून नाही तर निवृत्ती वगैरेमधून. आमच्या ओळखीतले बरेच मराठी लोक या कंपनीला माल पुरवणाऱ्या छोट्या-मोठ्या फर्ममध्ये आहेत, समझोत्यात त्यांचं नाव कुठेच नाही, त्यामुळे शनिवारच्या पोहे-पार्टीत सध्या घर घ्यावं की नाही यावरच चर्चा अडते.

तर इकडे येणाऱ्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर, हो, गोल्फ घ्या, सेकंडहँड घ्या, सर्व्हिस बुक आणि ट्यूफचा रिपोर्ट स्वतः वाचून घ्या. थंडीचे टायर वेगळे लागतात, ते ठेवायला तळघर नसेल तर त्याचा खर्च धरा. विमा बदलायचा असेल तर बहुतेक पॉलिसींना ३० नोव्हेंबरच्या आत कळवावं लागतं. आणि सगळ्यात आधी लायसन्सचं बघा, भारतातलं इथे सहा महिनेच चालतं, मग थिअरी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा परत. पुण्यात वीस वर्षं गाडी चालवलीय हे परीक्षकाला सांगू नका, त्याने फायदा होत नाही.