परसातल्या झऱ्याच्या तळ्यात मासे सोडताना

ट्राउट माशाला वीस अंशांखालचं पाणी लागतं. आपल्या बेळगावजवळच्या खानापूर-जांबोटीकडचा झरा कितीही गार लागला तरी तेवढा थंड नसतो. इथं रोहू, कटला, मृगळच घ्या. गुंठाभर, पाच फूट खोल तळ्याला तीन-चार इंची बोटुकली (माशांची पिल्लं) पन्नास-साठ पुरेत. जास्तीचा मोह नको.

आपली तांबडी माती आंबट, म्हणून आधी आंबटपणाच्या मानानं चुना टाका, आठवड्यानं कुजलेलं शेणखत.

खरी गोम झऱ्यातच आहे. जमिनीतून येणाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून ते दगडांवरून आपटत तळ्यात पडू द्या. पण धार सतत आत घेतली तर खत वाहून जातं, त्यावर वाढणारे बारीक जीव होत नाहीत, पाणी नितळ राहतं, माशांना खायला काही उरत नाही. धार बाजूच्या चरीनं वळवा, पाणी घटेल तेवढंच आत घ्या. कोपरापर्यंत हात बुडवला की तळवा दिसेनासा व्हावा, पाणी हिरवट असावं. तेव्हाच बोटुकली सोडा.

बोटुकलीची पिशवी वीस मिनिटं तळ्यात तरंगू द्या, मग तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घाला. मासे आपणहून बाहेर पडतात, ओतू नका.

पहाटे मासे वर तोंड काढून धापा टाकू लागले, तर कोंडा-पेंडीचं खाद्य त्या दिवशी बंद आणि झऱ्याची धार पूर्ण आत. पावसाळ्याआधी सांडव्याला जाळी हवीच.