फक्त ब्राँझ ना?

संध्याकाळी भाचा स्पर्धा परीक्षेचे प्रश्न सोडवत बसला होता. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक? "खाशाबा जाधव, १९५२, हेलसिंकी," फाडफाड म्हणाला. आणि पान उलटता उलटता, "मामा, पण फक्त ब्राँझ ना?"

तो 'फक्त' अजून डोक्यातून जात नाहीये.

गोळेश्वरचा पैलवान. मातीत मुरलेला गडी, आणि तिकडे लढायचं मॅटवर. जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७००० रुपये दिले. परत आल्यावर खाशाबांनी काय केलं? कुस्त्या भरवल्या, स्वतः आखाड्यात उतरले आणि त्या पैशातून सरांचं घर सोडवलं. मला तर पदकाइतकीच ही कुस्ती मोठी वाटते.

पुढचं वैयक्तिक पदक यायला १९९६ उजाडलं. महाराष्ट्राला नेमबाज स्वप्नील कुसाळेपर्यंत, म्हणजे थेट २०२४ पर्यंत वाट पाहावी लागली. आणि खाशाबांना अर्जुन पुरस्कार दिला, तोही मरणोत्तर. याचा राग येतो, खरंच येतो.

भाच्याला घराची गोष्ट सांगितली. त्यानं पेन खाली ठेवलं.

"मामा, हे आमच्या पुस्तकात का नाही?"

काय सांगू त्याला?