सतरा घड्या

दुपारी पासपोर्ट शोधायला कपाटाच्या वरच्या कप्प्यात हात घातला आणि डोक्यावर गाठोडं पडलं. लागलं काही नाही, कापडच ते. पण गाठ सुटली आणि घड्या घरभर झाल्या. पासपोर्ट राहिला बाजूला, मी फतकल मारून मोजायला बसले. सतरा. मागच्या वेळी मोजल्या होत्या तेव्हा अकरा होत्या.

हे सगळं 'गोधडीचं कापड'. घरात तसंच म्हणतात, जरा हसून. जिथे जाईन तिथलं अर्धा मीटर सुती कापड आणायचं आणि एक दिवस सगळ्यांची मिळून गोधडी शिवायची, असा बेत मी बारा वर्षांपूर्वी केला. फ्रिजवर लावायची चुंबकं मला आवडत नाहीत. कापड फुटत नाही, कपड्यांच्या मध्ये कुठेही सरकतं, विमानतळावर त्याची चौकशी होत नाही. बेत झकास होता. बारा वर्षांत एक टाका पडलेला नाही.

पहिली घडी उचलली ती अजरखची, म्हणजे लाकडी ठशांनी छापलेल्या कापडाची, आणि सवयीने नाकाला लावली. आहे अजून, थोडासाच, पण आहे. नीळ आणि ओली माती यांच्या मधला कुठलातरी वास. हे कापड कच्छमधल्या अजरखपूरचं. ते गाव वसलं तेच पाण्यासाठी. आधी ही छपाई जवळच्या धमडक्यात चालायची. २००१च्या भूकंपानंतर तिथल्या पाण्यात लोह वाढलं आणि रंग मनासारखे उतरेनात. मग काही छपाईकारांनी चांगलं पाणी शोधून नवं गाव वसवलं आणि त्याला आपल्या कापडाचंच नाव दिलं. अजरख छापताना इतक्या वेळा धुतात की त्याला निम्मं पाण्यानेच घडवलेलं म्हणायला हवं.

आणि हीच माझी अडचण आहे. गोधडी शिवायची तर आधी कापड धुवायला हवं. त्याला इलाज नाही. कोरं सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं, हातमागाचं तर जास्तच, आणि प्रत्येक आपापल्या मर्जीने आटतं. न धुता सतरा कापडं एकत्र शिवली तर पहिल्या धुण्यात एक इकडे ओढणार, दुसरं तिकडे, आणि सगळी गोधडी रुसल्यासारखी चुणणार. शिवाय गडद निळं आणि गडद लाल नेमकं शेजारच्या पांढऱ्यावर उतरतं. ओल्या पांढऱ्या फडक्यावर कापडाचा कोपरा ठेवून इस्त्री फिरवली की चोर सापडतो. हे सगळं मला पाठ आहे. माहीत नाही ते एवढंच, की नळाच्या पाण्यातून बाहेर आल्यावर ते कापड कुठलं राहील. म्हणून मी धूत नाही. धूत नाही म्हणून कापत नाही. कापत नाही म्हणून शिवत नाही. घरचे याला आळस म्हणतात.

आजीने तर याला वेडच म्हटलं असतं. गोधडीला विकत आणलेलं कोरं कापड! "अंगाला टोचेल की गं." तिच्या हिशोबात कापड गोधडीत जायच्या लायकीचं व्हायला आधी माणसाच्या अंगावर झिजायला हवं होतं. तिची परीक्षा ठरलेली असायची. कपडा हातात घ्यायचा, गालावर घासायचा, क्षणभर डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. "अजून नाही." मग तो फ्रॉक आणखी एक वर्ष आमच्या अंगावर. ज्या दिवशी ती काहीच बोलायची नाही, त्या दिवशी तो गेला असं समजायचं.

माझा एक पिवळा फ्रॉक होता, खिशावर बदक असलेला. काखेत उसवला होता आणि गुडघ्याच्या बराच वर गेला होता. आजीची नजर त्याच्यावर पडल्याचं मला कळलं. मी तो गादीखाली लपवला. आठवडाभर रोज रात्री हात घालून बघायचे, आहे ना. आजी अवाक्षर बोलली नाही. पुढे माझाच हात घालायचा राहून गेला, मुलं विसरतात तसं. काही महिन्यांनी नवी गोधडी अंथरली तर कोपऱ्यात बदक. निम्मंच, चोचीकडचं. शेजारी भावाच्या चड्डीचं निळं ठिगळ. मी इतकी रडले की आजीने शेवटी गोधडी फिरवून बदकाचा कोपरा माझ्या उशाशी आणला. पुढे कितीतरी वर्षं मी त्याच कोपऱ्याकडे डोकं करून झोपले आणि तापात पडले की बोटाने त्याच्या चोचीवरचे टाके मोजत राहायची. सात होते.

ती शिवायची तेव्हा तिच्याजवळ टेपही नसे. जमिनीवर थर पसरायचे, कडेने धावदोरा सुरू करायचा आणि चौकोनात चौकोन करत आत आत जायचं. मधोमध पोहोचली की गोधडी झाली. कर्नाटकातल्या मूळ आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात त्याही कडेपासून आतच येतात, हे मला फार पुढे कळलं. मला मात्र आधी मधोमध काय येणार ते ठरवल्याशिवाय कडेला हात लावायचा धीर होत नाही.

बाकीच्या घड्या एकेक करून उलगडल्या. जपानमधल्या अरिमात्सूचं बांधणीसारखं कापड. ते गावच वाटसरूंवर जगलेलं. एदोहून, म्हणजे आजच्या टोकियोहून, क्योतोला जाणाऱ्या हमरस्त्यावर १६०८मध्ये ते वसलं आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना निळ्या बांधणीचे पंचे विकायला लागलं. म्हणजे माझं हे खूळ किमान चारशे वर्षं जुनं आहे. त्या वाटसरूंपैकी किती जणांनी घरी जाऊन ते वापरले आणि किती जणांनी गाठोड्यात बांधले, याची नोंद कोणी ठेवली असती तर मला आधार वाटला असता.

दक्षिण फ्रान्सहून आणलेलं पिवळं कापड मी मोठ्या हौसेने 'अगदी तिथलं' म्हणून घेतलं होतं. त्यावर काय आहे? कोयरी! या छापाला तिथे अजूनही 'अँदियेन' म्हणतात, म्हणजे सरळसरळ हिंदुस्थानी. आपलं छापील कापड तिथे एवढं खपायला लागलं की १६८६ ते १७५९ त्याच्यावर बंदी होती. आणायचं नाही आणि तिथे छापायचंही नाही. इतक्या खटपटी करून तिकडे राहिलेली ती कोयरी मी सूटकेसमधून परत आणली. पश्चिम आफ्रिकेचं म्हणून जग ज्याला ओळखतं ते झगमगीत वॅक्स प्रिंट घ्या. ती तर मेण लावून रंगवलेल्या जावाच्या बाटिकची डचांनी यंत्रावर काढलेली नक्कल, जी जावात फारशी चालली नाही आणि आफ्रिकेत लोकांनी उचलून धरली. कापडाला गाव विचारू नये. ते आपल्यापेक्षा जास्त फिरलेलं असतं.

मग हिशोब केला. एकट्या माणसाची गोधडी साठ इंच बाय नव्वद. सहा इंचांचे चौकोन धरले तर दीडशे. शिवणीला चारी बाजूंनी पाव इंच सोडायचा, म्हणजे कापायचे साडेसहाचे. धुऊन आटलं तरी अर्ध्या मीटरमधून असे बारा सहज निघतात. सतरा कापडांतून दोनशे चार! म्हणजे प्रत्येक कापडाचा पाऊण भागच लागणार, पाव घडीतच राहू शकतो. हे बारा वर्षांत एकदा कागदावर मांडलं असतं तर? कात्री उचलण्याइतकं हलकं वाटलं मला. पण कात्री स्वयंपाकघरात होती.

कात्री आणायला न उठता मी अलाबामातल्या जीज बेंडच्या बायकांचा विचार करत बसले. नदीच्या वळणात अडकलेली ती वस्ती. तिथल्या गोधड्या २००२मध्ये ह्यूस्टनच्या संग्रहालयात भिंतीवर लागल्या आणि लोक त्यांची आधुनिक चित्रांशी तुलना करायला लागले. त्यात एक मिसूरी पेटवे यांची आहे, १९४२ची. नवरा गेल्यावर त्यांनी त्याच्या कामाच्या कपड्यांचे तुकडे जोडले. पँटचं विटलेलं निळं, गुडघ्यापाशी जास्तच विटलेलं. पांघरायला घेतली की तो जवळ असावा म्हणून शिवलेली. त्या गोधडीतला एकही तुकडा प्रवासातून आणलेला नव्हता. आजीच्या गालाच्या परीक्षेत ती पहिल्या झटक्यात पास झाली असती, आणि माझ्या सतरांपैकी एकही नाही.

उगाच नको, म्हणून एकेक खरोखर गालाला लावून पाहिलं. अजरख, अजून नाही. पोचमपल्लीचं इकत, अजून नाही. कोयरी, मुळीच नाही, कांजीने कडक. सगळ्यात शेवटी तळाशी एक लहानसा तुकडा होता. तपकिरी, त्यावर पांढरे बारीक ठिपके, कडा हाताने फाडलेल्या. तो गालाला लावला आणि थबकलेच. सायीसारखा मऊ.

हा कुठला, काही केल्या आठवेना. कोलंबो? तिथलं तर हिरवं आहे. जावातल्या जोगजकार्ताहून आणलेल्याचे ठिपके असे नाहीत. दुमडून, उजेडात धरून, वास घेऊन पाहिलं. वास कसलाच नव्हता. मनात म्हटलं, चला, मधोमध काय येणार ते ठरलं. जिथलं काहीच आठवत नाही तो तुकडा मध्ये आणि आठवणारे सगळे भोवती. या कल्पनेवर मी इतकी खूश झाले की फोटो काढून आईला पाठवला. खाली लिहिलं, ओळख पाहू.

तिचा फोनच आला.

"अगं, हा माझा गाऊन!"

"कुठला गाऊन?"

"ठिपक्यांचा. तू पहिल्यांदा एकटी गेलीस ना, तेव्हा तुझ्या कॅमेऱ्याला गुंडाळायला पाठीचा भाग फाडून दिला होता. परत आणलास का विचारलं, तर म्हणालीस हरवला."

मी काही बोलले नाही. मग विचारलं, बाकीचा आहे का गं अजून?

"त्याची फडकी केली की. गॅस पुसायला." ती जरा थांबली. "कधीच झिजून गेली ती. का, तुला हवा होता?"