तुरीला खत वाढवण्याआधी अंतर मोजा

तुरीचा उतारा घटला की पहिला हात जातो खताच्या गोणीकडे. बहुतेक रानांत दुखणं मात्र गर्दीचं असतं. तुरीच्या शेंगांचा भार बाजूच्या फांद्यांवर असतो. दाट पेरली की झाड उजेडासाठी सरळ वर पळतं, खाली फांद्या फुटत नाहीत आणि फुलं शेंड्यापुरती उरतात. फवाराही आत पोचत नाही, मग शेंगा पोखरणाऱ्या अळीचं फावतं.

अंतर ठरवायचं ते जात आणि जमीन बघून. बीडीएन ७११ ही १५०-१५५ दिवसांत येणारी जात. मध्यम जमिनीत ती ९० बाय २० सेंमीवर (दोन ओळींत ९०, दोन झाडांत २०) चालते, एकरी साधारण साडेबावीस हजार झाडं बसतात. बीएसएमआर ७३६ उशिराची आणि पसरणारी. भारी काळ्या रानात तिला १२० बाय ३० पेक्षा जवळ आणू नका. तिथे सव्वाअकरा हजार झाडं पुरतात. हलक्या मुरमाड रानात मात्र रुंद अंतराचा नाद नको. झाडाचा घेर भरत नाही आणि मोकळ्या पट्ट्यात तणच माजतं.

टोकण करताना एका जागी दोन दाणे, चार-पाच सेंमी खोल. १२० बाय ३० ला एकरी अडीच किलो बियाणं पुष्कळ झालं. पंधरा-वीस दिवसांत विरळणी करून एकच रोप ठेवा. चांगलं रोप उपटवत नाही, हे खरं. पण दोन्ही ठेवली तर दोन्ही किडकिडीत राहतात.

आता खत. एकरी १० किलो नत्र (नायट्रोजन) आणि २० किलो स्फुरद (फॉस्फरस). सिंगल सुपर फॉस्फेटच्या अडीच गोण्या (१२५ किलो) आणि २२ किलो युरियात हे बसतं, वर गंधकही मिळतं. डीएपी (नत्र आणि स्फुरद दोन्ही असलेलं खत) वापरायचं तर एक गोणी, पण त्यात गंधक नाही. स्फुरद जागचं फारसं हलत नाही, म्हणून ते पेरणीलाच बियाण्याच्या खाली किंवा बाजूला चार-पाच सेंमीवर पडलं पाहिजे. पावसानंतर वरून फेकलेलं डीएपी त्या हंगामात मुळांना फारसं सापडत नाही.

बियाण्याला रासायनिक बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी लावा. रायझोबियम (मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र धरणारे जिवाणू) आणि पीएसबी (जमिनीतलं स्फुरद विरघळवणारे जिवाणू) सगळ्यात शेवटी, दहा किलो बियाण्याला प्रत्येकी २५० ग्रॅम. सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. हे बियाणं खतात कालवून पेरलं की जिवाणू मरतात.

पस्तीस-चाळीस दिवसांनी एक झाड मातीसकट खणून काढा. उपटू नका, गाठी तुटून जमिनीतच राहतात. मुळावरची गाठ नखाने फोडून बघा. आत गुलाबी-लालसर असेल तर नत्राचं काम चालू आहे, युरियाची गरज नाही. पांढरी किंवा हिरवट निघाली तर आधी पाणी साचतंय का ते तपासा, कारण हवा कोंडली की गाठी काम थांबवतात. अशा वेळी युरियाआधी चर काढा.

पंचेचाळीस दिवसांच्या आसपास, जमिनीत ओल असताना, शेंडा पाच-सहा सेंमी खुडा, फांद्या वाढतात. फुलोऱ्यात २ टक्के डीएपीची फवारणी करायची असेल तर १० लिटरला २०० ग्रॅम या हिशेबाने ते थोड्या पाण्यात रात्रभर भिजवा आणि सकाळी वरची निवळी गाळून घ्या. गाळ पंपात गेला की नोझल तुंबलंच.