कोयनेच्या पाण्यामागून दाभोळला

कोयना म्हटलं की आम्हा सातारकरांना महाबळेश्वरचा उगम, हेळवाकचं धरण आणि कऱ्हाडचा प्रीतिसंगम आठवतो. पण या नदीचं बरंचसं पाणी कऱ्हाडला पोचतच नाही. धरणाच्या शिवसागर जलाशयातून ते सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांनी पश्चिमेला पोफळीला उतरतं, वीज देऊन कोळकेवाडीच्या धरणात साठतं, तिथं आणखी एकदा जनित्रं फिरवतं आणि मग वाशिष्ठी नदीत जातं. वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी असं पश्चिमेला वळवण्याची मुभा आहे. चिपळूणखाली वाशिष्ठी भर उन्हाळ्यातही वाहती दिसते ती त्यामुळेच. हे पाणी समुद्राला मिळतं ती जागा म्हणजे दाभोळ. जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही चौदाजण त्या पाण्यामागून खाडीच्या मुखापर्यंत गेलो.

तारीख ठरवताना कॅलेंडरवर आधी तिथी पाहिली, रविवार नंतर. घाटावरून कोकणात जाणारे बहुतेक गट इथंच चुकतात. पहाटे निघून दुपारी जेट्टीवर पोचतात आणि समोर नुसता चिखल बघून वैतागतात. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. पंचमीला पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार. त्याआधी सव्वासहा तास, म्हणजे सकाळी साडेनऊच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून. हिशेब अंदाजाचा आहे, अर्धा तास इकडेतिकडे होतो, म्हणून बोटवाल्याला आदल्या दिवशी फोन करून वेळ पक्की करायचीच. आम्हाला पंचमीच हवी होती, कारण सकाळी ओहोटी आणि दुपारी भरती दोन्ही लागणार होत्या. मगर ओहोटीला दिसते आणि कांदळवनात, म्हणजे खारफुटीच्या जंगलात, शिरता येतं ते भरतीला.

साताऱ्याहून पहाटे पाचला ट्रॅव्हलर सुटली. उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट. नाश्ता घाट उतरल्यावरच करावा. पाटणला मिसळ खाऊन घाटाच्या वळणांना लागलं की मागच्या सीटवरच्यांना हमखास गाडी लागते.

नऊच्या आत गोवळकोटच्या जेट्टीवर. खाडीचं पाणी खाली गेलेलं, दोन्ही काठांवर ओला चिखल उघडा पडलेला. थंडीच्या दिवसांत मगरी अंग तापवायला याच चिखलावर येतात, आणि भरती चढली की ती जागाच पाण्याखाली जाते. पहिली मगर दिसली की बोटीतले सगळे एका बाजूला धावतात, आणि धोका असतो तो त्यातच. चौदा माणसांचं वजन एकदम एका कडेला आलं तर छोटी होडी कलंडते. म्हणून बसताना प्रत्येकाला जागा ठरवून दिली होती आणि लाइफ जॅकेटचे पट्टे जेट्टीवरच आवळून घेतले. इंजिन लांबच बंद केलं. चार मगरी दिसल्या, त्यातली एक जबडा उघडा टाकून पडलेली. ते हल्ल्याचं लक्षण नाही, अंगाचं तापमान सांभाळायची ती रीत आहे. पलीकडून दुसऱ्या एका गटाची होडी स्पीकरवर गाणी लावून आली आणि चारही मगरी सरसर पाण्यात उतरल्या. त्यांना पुरतं ऊन मिळालं नाही आणि त्या गटाला एकही मगर दिसली नाही. खाडीत स्पीकर नेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

पुढे शृंगारतळीवरून धोपाव्याला आलो. दाभोळ समोरच्या काठावर. फेरीबोटीत गाड्याही चढतात, पण सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग लागते. गाडी धोपाव्यातच ठेवून पायी फेरीबोटीत चढलो, पलीकडे रिक्षा मिळतात.

दाभोळ आता लहान गाव वाटतं. पण बहामनी काळात ते दख्खनचं मोठं बंदर होतं. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी १५व्या शतकात इथूनच परतीच्या जहाजात बसला. डिसेंबर १५०८ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने चौलला मारल्या गेलेल्या मुलाचा सूड म्हणून हे गाव जाळलं. जेट्टीजवळची आदिलशाही धाटणीची दगडी मशीद आणि तिचा मोठा घुमट बघताना हे आठवत राहतं. चंडिकादेवीचं देऊळ कातळातल्या गुहेत आहे, आत उजेड समईचा. वाकून शिरावं लागतं, गुडघे दुखणाऱ्यांनी घाई करू नये. जेवायला तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं आणि सोलकढी, उत्तम.

अडीच वाजता पाणी बरंच चढलं होतं, तेव्हा कांदळवनात शिरणाऱ्या खाडीच्या फाट्यात गेलो. दिवसातला सगळ्यात मोलाचा वेळ हाच. कडेला तिवर: चिखलातून पेन्सिलीसारखी टोकं वर आलेली. ती श्वासाची मुळं. चिखलात हवा नसते, म्हणून झाड मुळं वर काढून श्वास घेतं. त्यांच्यावर प्लास्टिकची पिशवी किंवा तेलाचा थर बसला की झाड गुदमरतं. तिवराच्या पानाची खालची बाजू जिभेला लावली तर खारट लागते, कारण झाड जादा मीठ पानावाटे बाहेर टाकतं. त्याच्या शेजारी चिपी, मुळं जाड आणि शंकूसारखी. पांढरी चिपी २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे. आणि कांदळ कमानीसारख्या मुळांवर उभा. त्याचं बी झाडावरच रुजतं, लांब शेंगेसारखा कोंब लोंबत राहतो आणि गळून चिखलात उभा रुतला की तिथंच वाढतो. तो शेंगा म्हणून तोडायचा मोह मुलांना होतो. तोडू देऊ नका, ते तयार रोप आहे.

चिखलावर निवट्या, म्हणजे चिखलात वावरणारे छोटे मासे, उड्या मारत होत्या. भलीमोठी एकच नांगी हलवणारे खेकडे पाणी जवळ आलं की बिळात शिरत होते. पाणी मुळांमधून वर येताना बारीक बुडबुड्यांचा आवाज येतो. इंजिन बंद करून बांबूने होडी रेटली तरच तो ऐकू येतो. आम्ही दहा मिनिटं कोणीच बोललो नाही.

साडेतीनला बोटवाला म्हणाला, "चला आता, पाणी फिरेल." पूर्ण भरतीनंतर फाट्यात रेंगाळलं तर पंखा चिखलाला लागतो, आणि एकदा होडी बसली की पुढच्या भरतीपर्यंत तिथंच. पाण्यात उतरून ढकलायचा विचारही करू नये. चिखल मांडीपर्यंत ओढतो आणि मुळांवरच्या कालवांच्या शिंपांच्या कडा पात्यासारख्या कापतात. जेट्टीवर उतरतानासुद्धा पायात पट्ट्याची सँडल हवी, साधी चप्पल चिखलात राहते.

अंजनवेलचा गोपाळगड राहिला. त्याला वेगळा दिवस द्यावा, आणि तो अष्टमीच्या आसपासचा चालेल. भांगाच्या त्या दिवसांत पाणी फारसं चढत-उतरत नाही, पण किल्ल्याला भरतीचं बंधन नाही. पावणेपाचच्या फेरीबोटीने धोपाव्याला परतलो, तेव्हा ओहोटी लागली होती आणि खाडीचं पाणी समुद्राकडे निघालं होतं.