शंभरातलं दहावं बाळ कुठे आहे? क्वांटाइल रिग्रेशन शिकतानाचा माझा अनुभव

माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण नवजात बाळांच्या जन्मवजनावर होतं. आईचं हिमोग्लोबिन, वय, आधीची बाळंतपणं, गरोदरपणाचे आठवडे अशी चलं घेऊन मी नेहमीचं रिग्रेशन, म्हणजे या चलांवरून सरासरी वजनाचा अंदाज देणारी रेष, चालवलं होतं. तक्ता नीटनेटका आला होता आणि प्रकरण संपलं असंच मी धरून चालले होते. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी तक्ता पाहिला आणि विचारलं, "अगं, तुला काळजी नेमकी कुठल्या बाळांची आहे?"

"२५०० ग्रॅमच्या खालच्या," मी म्हटलं.

"मग हा आकडा तर सरासरीचा आहे. खालच्या बाळांबद्दल तो काय सांगतो?"

काहीच सांगत नव्हता. त्या दिवशी मी घाईघाईने एक उपाय केला आणि तो चुकीचा निघाला: २५०० ग्रॅमच्या खालची बाळं तेवढी वेगळी काढली आणि त्यांच्यावरच तेच रिग्रेशन पुन्हा चालवलं. बहुतेक सगळे सहगुणक, म्हणजे एकेका घटकामागे वजन किती बदलतं ते आकडे, शून्याकडे सरकले. मॅडमनी लगेच थांबवलं. वजन हाच निकाल, आणि निकाल पाहूनच बाळं निवडली, की ज्यांचं वजन एखाद्या घटकामुळे वाढून २५०० ग्रॅमच्या वर गेलं ती बाळं नमुन्यातून आधीच बाहेर पडलेली असतात. घटकाचा परिणाम मग कापलेल्या कापडासारखा आखूड दिसतो. ही चूक मी इतकी सविस्तर सांगते आहे, कारण क्वांटाइल रिग्रेशन (सरासरीऐवजी एखाद्या शतमकाची, म्हणजे ज्याच्याखाली ठरावीक टक्के बाळं येतात त्या वजनाची, रेष काढणारं तंत्र) म्हणजे असंच काहीतरी, खालच्या दहा टक्क्यांवर चालवलेलं साधं रिग्रेशन, असा समज मला नंतरही कितीतरी जणांकडे दिसला. खरं तर या तंत्रात एकही बाळ वगळलं जात नाही. सगळी माहिती वापरली जाते, फक्त चुकांना दिलेलं वजन, म्हणजे महत्त्व, बदलतं.

ते वजन कसं बदलतं हे समजायला मला वहीवर आकडेमोड करावी लागली. साध्या रिग्रेशनमध्ये प्रत्येक बिंदूचं रेषेपासूनचं अंतर घेऊन त्याचा वर्ग करतात. इथे वर्ग नाहीत, नुसतं अंतर आहे. १० वा शतमक हवा असेल, तर रेषेच्या वर राहिलेल्या बिंदूच्या अंतराला ०.१ने गुणायचं आणि खाली राहिलेल्याच्या अंतराला ०.९ने. आता रेष वर सरकवली की खाली आलेला एकेक बिंदू नऊपट महाग पडतो. वर नऊ आणि खाली एक, अशी विभागणी झाली की दोन्ही बाजूंचा ओढा सारखा होतो: नऊ गुणिले ०.१ आणि एक गुणिले ०.९. रेष तिथेच थांबते. दहा बिंदू काढून मी हे हाताने करून पाहिलं, तेव्हा कुठे ते डोक्यात बसलं. ५० व्या शतमकाला दोन्ही बाजूंची वजनं सारखीच होतात आणि मध्यकाची रेष मिळते.

रॉजर कोएंकर आणि गिल्बर्ट बॅसेट यांनी हे तंत्र १९७८ मध्ये 'इकॉनोमेट्रिका' या नियतकालिकात मांडलं. पण वर्ग न घेता नुसती अंतरं कमी करायची कल्पना त्याहून फार जुनी आहे. बोस्कोविचने अठराव्या शतकात पृथ्वीचा आकार काढताना ती वापरली होती, लजांद्रने १८०५ मध्ये लघुतम वर्गांची (साध्या रिग्रेशनमधली) पद्धत छापली त्याच्याही आधी. आपण जिला नवी पद्धत म्हणून शिकतो ती मुळात थोरली बहीण आहे, हे वाचून मला मनापासून आनंद झाला होता.

स्वतःच्या माहितीला हात लावण्याआधी मी एंगेल या संख्याशास्त्रज्ञाच्या माहितीवर सराव केला. 'आर' या संगणकभाषेच्या 'क्वांटरेग' पॅकेजमध्ये ती तयार मिळते: एकोणिसाव्या शतकातली बेल्जियममधली २३५ कामगार कुटुंबं, त्यांचं वार्षिक उत्पन्न आणि अन्नावरचा खर्च, फ्रँकमध्ये. सरासरीच्या रेषेचा उतार ०.४८५ येतो, मध्यकाच्या रेषेचा ०.५६०. १० व्या शतमकाला तो ०.४०२ आहे आणि ९० व्याला ०.६८६. म्हणजे उत्पन्न वाढतं तसा कुटुंबाकुटुंबांतला फरक पंख्यासारखा पसरत जातो. पण मी खरी थबकले ती दुसऱ्याच जागी. ४०० फ्रँक उत्पन्नावर मी सगळ्या रेषांची किंमत काढली. मध्यकाची रेष सुमारे ३०६ फ्रँक सांगते. सरासरीची सांगते ३४२, आणि ९० व्या शतमकाची रेषही ३४२ सांगते! म्हणजे सगळ्यात गरीब कुटुंबांच्या बाबतीत "सरासरी खर्च" म्हणून जी रेष आपण काढतो, तिच्याखाली जवळजवळ सगळीच कुटुंबं येतात. उजवीकडच्या टोकाला भरपूर उत्पन्न पण त्या मानाने कमी अन्नखर्च असलेली एक-दोन कुटुंबं आहेत. ती रेषेचं उजवं टोक खाली दाबतात आणि डावं टोक वर उचललं जातं. दोन श्रीमंत घरांमुळे सगळ्या गरीब घरांचं चित्र चुकतं. हे पाहिल्यावर माझ्या तक्त्यावरचा माझा विश्वास पार उडाला.

मग मॅडमनी एक काम दिलं: आपल्या विषयाबाहेर हे तंत्र कोण कशासाठी वापरतं ते वाचून ये. वेळ वाया जाईल असं मला वाटलं होतं, पण माझं प्रकरण उभं राहिलं ते या वाचनामुळेच.

पर्यावरणशास्त्रात मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. ओढ्यात मासे किती असतील हे पाण्याचं तापमान, अन्न, शिकारी, ओढ्याची रुंदी आणि खोली अशा कितीतरी गोष्टींवर ठरतं आणि त्यातल्या निम्म्या कोणी मोजलेल्याच नसतात. तुम्ही मोजलेला घटक अनुकूल असला तरी दुसरंच काहीतरी आड येऊन मासे कमी असू शकतात. पण तोच घटक प्रतिकूल असेल तर मासे एका मर्यादेपलीकडे जाऊच शकत नाहीत. म्हणून ती मंडळी ९० व्या, ९५ व्या शतमकाकडे पाहतात: या घटकाने घातलेलं छत किती उंचीवर आहे? केड आणि नून यांचा २००३ चा लेख यासाठी अजूनही मी नव्या विद्यार्थ्यांच्या हातात देते. त्यांना छत हवं होतं, मला तळ हवा होता. प्रश्न तोच, फक्त उलटा.

चक्रीवादळांचं उदाहरणही असंच लख्ख आहे. एल्स्नर, कोसिन आणि जॅगर यांनी २००८ मध्ये 'नेचर'मध्ये उपग्रहांच्या नोंदींवरून दाखवलं, की वादळांच्या कमाल वेगातली लक्षणीय वाढ ७० व्या शतमकाच्या वर दिसते, म्हणजे जी आधीच जोरदार असतात त्यांच्यात. फक्त सरासरी पाहणाऱ्याच्या हातून हे सहज निसटलं असतं. वित्तक्षेत्रात 'व्हॅल्यू ॲट रिस्क' म्हणजे मुळात नुकसानीचा एक शतमकच, त्यामुळे तिथे हे तंत्र घरचंच. विजेच्या मागणीचा अंदाज बांधणारे तेच तिरकं वजन 'पिनबॉल लॉस' या नावाने वापरतात. मजुरीवरच्या अभ्यासांबद्दल तर वेगळं लिहावं लागेल.

माझ्या विषयातला कोएंकर आणि हॅलॉक यांचा २००१ चा लेखही तेव्हाच नीट वाचला. अमेरिकेतल्या जून १९९७ मधल्या जन्मांच्या नोंदींत मुलगे मुलींपेक्षा सरासरीने साधारण १०० ग्रॅम जड होते. पण खालच्या शतमकांना हा फरक बराच कमी होता आणि वरच्या टोकाला १०० ग्रॅमहून बराच जास्त.

आता मी माझ्या माहितीकडे वळले आणि पहिल्याच दिवशी घोडं अडलं. होय किंवा नाही असं एकच चल घालून मॉडेल चालवलं, तर सहगुणक बरोबर १०० आला. पुढच्या शतमकाला शून्य. त्याच्या पुढे पुन्हा १००. प्रोग्राममध्ये चूक असेल म्हणून मी दोन दिवस शोधत बसले. चूक नोंदींत होती. वजनं २५००, २६००, ३००० अशी जवळच्या शंभरावर आणून लिहिलेली होती, आणि शतमक म्हणजे शेवटी कुठल्यातरी बाळाचंच वजन. सरासरीत हे सगळं विरघळून जातं, इथे उघडं पडतं. शेवटी प्रत्येक वजनात त्या शंभराच्या टप्प्याएवढा यादृच्छिक अंश मिसळून मी गणित अनेकदा केलं आणि उत्तरांची सरासरी घेतली. एकाच रुग्णालयातली बाळं एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, म्हणून बूटस्ट्रॅप करताना (माहितीतूनच पुन्हापुन्हा नमुने उचलून उत्तर किती हलतं ते पाहताना) बाळं सुटी न उचलता अख्खं रुग्णालय उचललं. रेषा एकमेकींना छेदतील, म्हणजे खालचा शतमक वरच्याच्याही वर जाईल, याचीही भीती होती. एंगेलच्या १० व्या आणि ९० व्या शतमकाच्या रेषा सुमारे १५० फ्रँकवर छेदतात, पण तिथे सगळ्यात कमी उत्पन्न ३७७ फ्रँक असल्यामुळे काही बिघडत नाही. माझ्याकडेही छेद माहितीच्या बाहेरच पडला.

सगळ्यात मोठी ठेच मात्र भाषेत लागली. मी लिहिलं होतं: "हिमोग्लोबिन वाढल्यास सर्वांत कमी वजनाच्या १० टक्के बाळांचं वजन इतकं वाढतं." एका परीक्षकाने या वाक्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. आधी वाईट वाटलं, मग कळलं की त्यांचं बरोबर आहे. माझ्या मॉडेलमधला १० वा शतमक हा सारख्याच परिस्थितीतल्या बाळांमधला होता. ३२ आठवड्यांत जन्मलेलं बाळ आपल्या गटात ९० व्या शतमकावर असूनही २५०० ग्रॅमच्या खाली असू शकतं, आणि ४० आठवड्यांचं बाळ आपल्या गटात १० व्यावर असूनही त्याच्या वर. "सर्वांत कमी वजनाची बाळं" हे शब्द मी वापरायलाच नको होते. शिवाय हिमोग्लोबिन बदललं तर तळाशी तीच बाळं राहतील, याची हमी हे तंत्र देत नाही. ते तळाची उंची सांगते, तळाशी कोण आहे ते नाही.

सगळ्या बाळांमधल्या तळाबद्दल बोलायचं असेल, तर फिर्पो, फोर्टिन आणि लेमियू यांची २००९ ची पद्धत आहे. ती मी दुसरं विश्लेषण म्हणून जोडली आणि दोन्हींचे आकडे शेजारीशेजारी ठेवले. ते सारखे नव्हते. का नव्हते हे लिहिण्यात माझी चार पानं गेली आणि प्रकरणातली सगळ्यात उपयोगी पानं तीच आहेत असं मला वाटतं.

मौखिक परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी एकच आलेख उघडला: आडव्या अक्षावर शतमक, उभ्यावर हिमोग्लोबिनचा सहगुणक आणि मधून सरासरीची सपाट रेघ. त्यांनी ०.१ वरच्या बिंदूवर बोट ठेवून विचारलं, "हे शब्दांत सांगा." मी म्हटलं, "आठवडे, आईचं वय आणि आधीची बाळंतपणं सारखी असलेल्या बाळांची दोन टोळकी घ्या, फक्त आईच्या हिमोग्लोबिनमध्ये एका ग्रॅमचा फरक ठेवा. दोन्हींत ज्या वजनाखाली दहा टक्के बाळं येतात, त्या दोन वजनांमधलं हे अंतर आहे." त्यांनी मान डोलावली आणि पान उलटलं.